विश्लेषण : मार्चचे वीजबिल ३०० युनिटच्या आत ठेवायचे, तर रविवारी घराबाहेर का पडावे?

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी वीजबिलावरून भांडण झाले. फेब्रुवारीचा वापर २२६ युनिट होता, मार्चचा थेट ३३८. बाबांचा संशय माझ्या लॅपटॉपवर, माझा त्यांच्या क्रिकेटवर आणि आईचा आम्हा दोघांवर. बोरिवली पूर्वेला चार मजली जुन्या इमारतीत सर्वात वरच्या मजल्यावर आमचे घर आहे. बेडरूममध्ये एकच एसी, तोही नऊ वर्षांचा. भांडण मिटेना, तेव्हा प्लगमध्ये बसणारा छोटा वॉटमीटर विकत आणला आणि दोन आठवडे घरातले एकेक उपकरण मोजून काढले. अभियांत्रिकीच्या पदवीचा घरात झालेला हा पहिला उपयोग, असे आईचे मत आहे.

मोजून जे हाती आले ते थोडे अनपेक्षित होते. वाढलेल्या युनिटांचा मोठा भाग कामाच्या दिवसांचा नव्हता. तो रविवारचा होता. आठवडाभर दमलेले घर ‘आराम’ करत होते, त्याचे ते बिल होते.

३०० युनिटचे गणित नेमके काय?

उपनगरांत वीज कोणाची, हे आधी पाहू. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या पट्ट्यात अदानी किंवा टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपला महावितरण. कंपनी कोणतीही असो, दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि घरगुती ग्राहकांचे टप्पे सारखेच आहेत : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. टप्पा वर जाईल तसा युनिटचा दर चढतो.

इथे एक गैरसमज घरोघरी आहे. ‘३०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो,’ असे आमच्या मजल्यावरचे काका छातीठोकपणे सांगतात. तसे होत नाही. पहिल्या शंभरांना पहिला दर, पुढच्या दोनशेंना दुसरा, आणि फक्त ३०० च्या वरच्या युनिटांना तिसरा. म्हणजे आमच्या ३३८ पैकी महाग होती ती ३८ युनिटे. वाचवायला सुरुवात करायची तर तिथून, कारण वाचलेले प्रत्येक युनिट सर्वात वरच्या, सर्वात महाग टप्प्यातून कमी होते. एकूण बिलाकडे पाहून हताश होण्यापेक्षा ‘मला फक्त ३८ युनिटे शोधायची आहेत’ असे म्हटले की काम आटोक्यात येते.

पहिली १३ सहज सापडली. दोन खोल्यांतले दोन सेट-टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटने बंद केला तरी बॉक्स चालूच राहतो. आमच्याकडचा प्रत्येकी ९ वॉट खात होता, दिवसरात्र. नऊ वॉट म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण गुणिले २४ तास, गुणिले ३० दिवस केले की साडेसहा युनिटे होतात. आता झोपताना भिंतीवरचे बटण बंद होते. (सकाळी बॉक्स सुरू व्हायला दोन मिनिटे लागतात, त्यावर बाबांची तक्रार कायम आहे.) गीझरवर मात्र माझा उगाच राग होता. १५ लिटर पाणी २० अंशांनी तापवायला साधारण ०.३५ युनिट लागते आणि मार्चमध्ये तो कोणी लावतही नाही.

उरलेली २५ युनिटे शोधायला उकाड्याकडे वळावे लागले.

मार्चमध्येच एवढे का तापते?

मुंबईचा उकाडा म्हटले की मे महिना डोळ्यांसमोर येतो. पण सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदीत मार्चमधला उच्चांक ४१.७ अंशांचा आहे, २८ मार्च १९५६ चा. फेब्रुवारी २०२५ मध्येही, महिना संपता संपता, हवामान विभागाला मुंबईसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला होता. किनारपट्टीच्या ठिकाणी पारा ३७ वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की ती उष्णतेची लाट मानतात. मैदानी भागात हा निकष ४० अंशांचा आहे.

कारण वाऱ्यात आहे. सकाळी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. हा खारा वारा दुपारी अकरा-बाराला सुरू झाला तर पारा तेहेतीस-चौतिसाच्या आसपास थांबतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून, म्हणजे तापलेल्या पठाराकडून येणारे कोरडे वारे अनेकदा जोरात असतात. ते खाऱ्या वाऱ्याला दोन-तीन तास किनाऱ्याबाहेरच अडवून धरतात. तेवढ्या वेळात शहर भाजून निघते.

याचा घराशी संबंध सरळ आहे. अशा दिवशी खिडक्या कधी उघडायच्या, हे घड्याळापेक्षा दोरीवरचे कपडे चांगले सांगतात. पूर्वेचा वारा असेपर्यंत बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम असते, खिडक्या लावून पडदे ओढलेले बरे. कपडे उलट्या दिशेला उडू लागले की पश्चिमेच्या खिडक्या उघडा. ऊन अडवायचे तर पडद्यापेक्षा बाहेरून लावलेली बांबूची चटई कितीतरी उपयोगी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्यावर पडले तरी त्याची उष्णता घरातच राहते. आणि वाळ्याचा ओला पडदा किंवा कूलर मुंबईत चालत नाही हे मे महिन्यात खरे असले, तरी मार्चच्या या कोरड्या पूर्ववाऱ्यात तो चांगला चालतो. हवेत बाष्प कमी असले की पाणी लवकर वाफारते आणि वाफारताना उष्णता ओढून घेते. आजीच्या काळात हे सांगायला वॉटमीटर लागत नव्हता.

वरच्या मजल्याचे दुखणे वेगळे. दुपारभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री आठ-नऊपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. बाहेर झुळूक असते आणि आपण आत एसी लावून बसतो. गच्चीला पांढरा परावर्तक रंग किंवा सौर पॅनेल हा त्यावरचा खरा उपाय. पॅनेल वीजही देते आणि स्लॅबवर सावलीही धरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. पण गच्ची सोसायटीची, निर्णय सर्वसाधारण सभेचा, आणि सभेत पार्किंगचा विषय संपला की सगळे उठतात. हा धडा स्वतंत्र लेखाचा आहे.

रविवारी घरात किती वीज जाते?

आमच्या जुन्या एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना १.६ किलोवॉटच्या आसपास वीज घेतो; मध्ये मध्ये थांबतो, म्हणून तासाला सरासरी १.१ युनिट. रविवारी जेवण झाल्यावर बारा ते पाच असा पाच तास तो चालायचा : साडेपाच युनिटे. तीन जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॉटचे : १.१ युनिट. टीव्ही अर्धे युनिट धरा. एका दुपारचा हिशेब सात युनिटांचा. महिन्यात चार रविवार, २८ युनिटे. हवी होती पंचवीस.

एसीबद्दल दोन गोष्टी. जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार-लेबल एसीचे मूळ तापमान २४ अंश असावे असा नियम आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २० वरून २४ वर आलात तर पाव हिस्सा वाचला. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. एसी फक्त उशिरा थांबतो, किंवा थांबतच नाही. दुसरे म्हणजे पंखा. बीएलडीसी पंखा तीस वॉटच्या आसपास चालतो, जुन्याच्या निम्म्याहून कमी विजेत. नवीन एसीचा खर्च झेपत नसेल तर आधी पंखे बदला. एसी २६ वर आणि वर पंखा, एवढ्यात झोप छान लागते.

हे सगळे मी मोठ्या उत्साहाने मांडत असताना आईने एक प्रश्न विचारला, ‘त्या पाच तासांत मी कुठे असते?’ एसी बेडरूममध्ये. टीव्ही हॉलमध्ये. आई रविवारचे मटण, पोळ्या, मग भांडी, मग चारचा चहा करत स्वयंपाकघरात. ज्योत विझू नये म्हणून तिथे पंखाही नाही. घरातल्या सर्वात महाग गारव्यात आम्ही दोघे आणि सर्वात गरम चौरस मीटरवर ती. माझ्या वॉटमीटरला हे दिसले नव्हते. ओट्यावर एक्झॉस्ट पंखा त्याच आठवड्यात बसला, चाळीस वॉटचा. बिलात तो शोधूनही सापडत नाही.

म्हणूनच ‘रविवारी बाहेर पडा’ हा सल्ला देताना एक अट घालतो. डबा आईने पहाटे चारला उठून भरायचा असेल, तर ती सहल नव्हे. आमच्याकडे आता शनिवारी रात्री मी आणि बाबा काकडी-टोमॅटो चिरतो, ब्रेडला चटणी लावतो, कोकम सरबताची बाटली भरतो. बाबांच्या चटणीत मीठ जास्त असते. चालते.

बाहेर म्हणजे कुठे?

मुंबईला वसंत नसतो, असे म्हणणारे लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांकडे पाहत नसावेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, शंभर चौरस किलोमीटरहून मोठ्या या जंगलात, सागाची पाने गळून गेलेली असतात आणि त्या करड्या उतारांवर काटेसावर आणि पळस पेटलेले दिसतात. पांगाऱ्यावर मैनांची भांडणे चाललेली असतात. थोड्या दिवसांनी कुसुमाची लाल पालवी येते, ती फुलांहून देखणी. सकाळी लवकर आत शिरलात तर रस्ता सावलीचा असतो, अकरानंतर पानगळीमुळे सावलीच उरत नाही. सोमवारी उद्यान बंद असते, हे लक्षात ठेवा.

दुपार काढायची तर कान्हेरी. प्रवेशद्वारापासून पाचेक किलोमीटर आत, शंभरहून अधिक लेणी, काळ्या बसाल्टमध्ये कोरलेली. इतिहास पाटीवर वाचालच. मी सांगेन ते एवढेच की भर दुपारी एखाद्या विहारातल्या दगडी बाकावर पाठ टेकून पंधरा मिनिटे बसा. बाहेर खडक भाजत असतो, आत पाठीला गार लागते. कित्येक फूट जाड दगड दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते आणि रात्री ती परत बाहेर निघून जाते. आमचा पाच इंची स्लॅब जे संध्याकाळी आमच्या डोक्यावर ओततो, तेच हा डोंगर पचवून टाकतो. लेण्यांशेजारी पाण्याची टाकी कोरलेली आहेत, डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी त्यांत येईल अशा पन्हळी आहेत. भिक्खूंनी पावसाळ्यातल्या चार महिन्यांवर वर्ष काढले. आपण त्याच डोंगरातल्या विहार आणि तुळशी तलावांचे पाणी पितो आणि नळ वाहता ठेवतो.

जाण्याचा मार्गही सोपा झाला आहे. मेट्रो ७ वर ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचे स्थानकच आहे. घाटकोपरकरांनी मेट्रो १ ने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानक गाठावे, पुलावरून गुंदवलीला जावे, तिथून मेट्रो ७. अंधेरीकरांना तर गुंदवली दारातच. ज्यांना एवढेही लांब जायचे नाही, त्यांनी अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलवर संध्याकाळी पाचनंतर चढावे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून उरलेला हा बसाल्टचा सुळका, वर गावदेवीचे मंदिर, आणि खाऱ्या वाऱ्याला अडवायला मध्ये काही नाही. आजूबाजूच्या इमारतींनी त्याला किती आवळले आहे, तेही वरूनच नीट दिसते.

मुलुंड-घाटकोपरकरांना मात्र खाडी जवळ आहे. ठाणे खाडीतले रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोलीला किनारी जैवविविधता केंद्र आहे, तिथून भरतीच्या वेळा पाहून नौका सुटतात. रोहित पक्षी साधारण मे-जूनपर्यंत असतात. टोपी न्या, खाडीत झाड नसते.

एक व्यावहारिक सूचना. मध्य रेल्वेने यायचे असेल तर शनिवार बघा. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि माटुंगा-मुलुंड मार्गावर अडकलेल्या लोकलमध्ये वसंताचे कौतुक करायला कोणी थांबत नाही. तुमचा महिन्याचा पास सुट्टीलाही चालतोच, म्हणजे सहलीचा प्रवास आधीच विकत घेतलेला आहे.

मग गाडीने लोणावळा का नको?

जरूर जा, पण ‘वीज वाचवली’ म्हणू नका. बोरिवलीहून लोणावळा जाऊन-येऊन २०० किलोमीटर धरा. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी तेरा-चौदा लिटर पेट्रोल पिते. एका लिटरमध्ये साधारण ९ युनिटांइतकी ऊर्जा असते, म्हणजे एकूण १२० च्या आसपास. कोळशाच्या विजेचे एक युनिट बनवायला तिप्पट उष्णता जाळावी लागते हा न्यायही लावला, तरी आमच्या चार रविवारांची २८ युनिटे ८४ वर थांबतात. एका सहलीने महिन्याची बचत संपली आणि वर उधारी झाली. उलट आपली लोकल ब्रेक लावताना मोटरचा जनरेटर करून वीज पुन्हा वरच्या तारेत पाठवते. दुपारभर मॉलमध्ये फिरणे हेही याच जातीचे : आपला मीटर थांबतो, मॉलचा पळतो.

ज्यांच्या घरी एसीच नाही, त्यांचे काय?

माझ्या मते या विषयाची खरी बाजू इथे आहे, आणि एसीच्या तापमानावरच्या चर्चेत ती हरवते. उपनगरांत पत्र्याच्या छपराखाली, किंवा समोरच्या इमारतीला चिकटलेल्या पुनर्वसन इमारतीतल्या एका खोलीत राहणाऱ्यांना २४ की २६ हा प्रश्न पडत नाही. मार्चच्या दुपारी त्यांना आणि दहावी-बारावीच्या परीक्षेला बसलेल्या त्यांच्या मुलांना गारवा हवा असेल तर तो घराबाहेरच मिळू शकतो. झाडाखाली, बागेतल्या बाकावर, वाचनालयात. नेमक्या त्या वेळी किती बागांच्या फाटकाला कुलूप असते, आत किती ठिकाणी पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असते, हे आपल्या वॉर्डात एकदा दुपारी दोन वाजता फिरून पाहावे. मी पाहिले. तीनपैकी दोन बागा बंद होत्या. तिसरीत बाक उन्हात होते.

महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला, २०५० पर्यंत ‘नेट झिरो’चे उद्दिष्ट ठेवले. चांगलेच झाले. पण मुंबईची विजेची कमाल मागणी आता उन्हाळ्यात चार हजार मेगावॉटच्या पुढे जाते आणि त्यातला मोठा वाटा गारव्याचा आहे. ही मागणी फक्त घरातल्या बटणांनी कमी होणार नाही. आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन दिवसांत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा वाद विकास विरुद्ध पर्यावरण असा रंगला. त्या सावलीखाली दुपारी कोण बसत होते आणि आता ते कुठे बसतात, हा साधा प्रश्न कमी विचारला गेला. दुपारी उघडी असलेली, सावलीची, पाण्याची सोय असलेली बाग ही वीजबचतीची योजनाच आहे. तिच्यावरचा खर्च उद्यान खात्याच्या ‘सुशोभीकरणा’त न धरता उष्णतेच्या आराखड्यात धरावा, अशी मागणी आपण नगरसेवकाकडे करू शकतो. कारंजे आणि रंगीत दिवे यांपेक्षा ती स्वस्त पडेल.

यंदा मार्चचे आमचे बिल आले : २९१ युनिट. सगळे श्रेय रविवारांना देणार नाही. यंदा दोन पंखे बदलले आहेत आणि हवाही थोडी दयाळू होती. बाबा म्हणतात, लॅपटॉप मी ऑफिसमध्ये जास्त वापरला म्हणून. येत्या शनिवारी ऐरोलीची नौका ठरली आहे, भरती सकाळी आहे, आणि चटणीचे मीठ यावेळी मी घालणार आहे.